उजव्या हाताचं ऊन

कोल्हापुरातून सकाळी सातला निघून महामार्गानं पुण्याच्या दिशेला लागलं, की सूर्य उजव्या हाताला असतो. दुपार कलल्यावर त्याच रस्त्यानं परतताना सूर्य पश्चिमेला गेलेला असतो, पण आपलं तोंडही फिरलेलं असतं. म्हणून तो पुन्हा उजव्याच हाताला. आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो. त्याच्या उजव्या गालावर, मनगटावर आणि कोपरापर्यंतच्या हातावर जाताना ऊन, येतानाही ऊन. डावीकडं बसलेल्याला मात्र दोन्ही वेळा सावली. नोकरी कागलला असती तर सगळं नेमकं उलट झालं असतं.

हा हिशेब मला एरवी कधी सुचला नसता. माझी धाकटी बहीण वाठारच्या बाजूला एका शाळेत शिकवते आणि रोज स्वतः गाडी चालवत जाते. सहा वर्षांपूर्वी तिला ल्युपस असल्याचं निदान झालं. आधी बोटांचे सांधे धरायला लागले, मग कधीही न जाणारा थकवा, मग नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला लाल चट्टा. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. मोठ्या वयातल्या दहा रुग्णांपैकी साधारण नऊ जण बायका असतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्या मेलेल्या पेशींचे अवशेष पाहून आधीच बिथरलेली प्रतिकारशक्ती आणखी बिथरते, आणि हे त्वचेवर थांबेल याची खात्री नसते. सांधे, मूत्रपिंड, कशावरही आजार उसळू शकतो. म्हणून डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर पहिलं वाक्य लिहितात, ऊन टाळा.

तिनं टाळलं. सनकोट, स्कार्फ, हातमोजे, दर दोन तासांनी सनस्क्रीन, शाळेच्या मैदानावरची प्रार्थनासुद्धा व्हरांड्यातून. तरी उजव्या हाताच्या पाठीवर चट्टे यायचे थांबेनात. डाव्या हातावर तेवढे नसत. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, "गाडी तुम्ही स्वतः चालवता का?" काच बंद असते, एसी लावलेला असतो, असं आम्ही मोठ्या खात्रीनं सांगितलं. काच बंद म्हणजे ऊन बंद, असं आम्हाला वाटत होतं. तसं नसतं.

मग आपल्याकडं कुणीही करेल तेच आम्ही केलं. काचेला फिल्म लावणाऱ्या दुकानात गेलो आणि सगळ्यात काळी फिल्म लावून घेतली. दुकानदारानं नियमाबद्दल काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. महिना-दीड महिना बरा गेला. एका सकाळी शहराबाहेरच्या चौकात गाडी अडवली गेली. बहिणीनं डॉक्टरांचं पत्र दाखवलं. हवालदारांनी ते पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "मॅडम, तुमची अडचण मला कळतीय की. पण मशीनमध्ये पत्राला जागाच न्हाई बघा." दंड झाला, आणि त्याच दिवशी फिल्म सोलून काढावी लागली.

त्या हवालदारांना मी दोष देत नाही. ते नियमानं वागले, आणि माणुसकीनं बोलले. दोष आहे तो ज्या नियमात अशा पत्राला जागा नाही त्या नियमाचा, आणि अशी जागा असावी हे गेल्या इतक्या वर्षांत कुणाला ठामपणे सांगावंसं वाटलं नाही, त्या आपल्या सगळ्यांचा.

नियम काय आहे ते नीट पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातल्या नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर निकाल दिला. काच कारखान्यातूनच या टक्केवारीची आली पाहिजे, तिच्यावर नंतर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म किंवा दुसरं काही चिकटवता येणार नाही, असं त्यात स्पष्ट झालं. ४ मे २०१२ पासून हे लागू झालं. फिल्म बनवणाऱ्या कंपन्यांनी फेरविचारासाठी केलेले अर्ज त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेटाळले गेले.

त्या निकालामागची चिंता खरी होती. काळ्या काचांआड बायकांवर अत्याचार होत होते, अपहरणं होत होती, आणि बाहेरच्या माणसाला आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. बहिणीच्या आजारामुळं मी आज हा लेख लिहितो आहे, पण रात्री उशिरा एकटीनं घरी येणाऱ्या कुठल्याही मुलीचा भाऊ म्हणून मला तो निकाल हवाच आहे. काळ्या काचा सरसकट मोकळ्या करा, असं मी म्हणत नाही.

पण त्याच निकालात एक दार उघडं ठेवलेलं आहे. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्या व्यक्तींच्या वाहनांना सूट देता येईल, त्यासाठी राज्याचे पोलिस महासंचालक किंवा पोलिस आयुक्त आणि गृहसचिव यांची समिती प्रत्येक प्रकरण तपासेल, अशी ती व्यवस्था. म्हणजे काच थोडी काळी असण्याला कधीकधी रास्त कारण असू शकतं, हे न्यायालयानं मान्य केलं. ते कारण एकेक प्रकरण पाहून तपासता येतं, हेही मान्य केलं. ज्यांच्या जिवाला गोळीचा धोका आहे त्यांच्यासाठी सरकारचे दोन सर्वोच्च अधिकारी एकत्र बसू शकतात. ज्यांच्या जिवाला सकाळच्या उन्हाचा धोका आहे, त्यांच्यासाठी जिल्ह्याचा एक वैद्यकीय अधिकारी का बसू शकत नाही? आणि झेडही नाही, झेड प्लसही नाही, अशा किती गाड्या काळ्या काचा लावून आपल्या डोळ्यांदेखत चौकातून निघून जातात, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. नियम मोडणाऱ्याला रुबाबावर वाट मिळते आणि नियम पाळू पाहणाऱ्या रुग्णाला अर्जाचा नमुनाही मिळत नाही, याचा मला राग येतो.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडं येतो. बहिणीच्या निमित्तानं वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ती आधी कळली असती तर काळ्या फिल्मच्या वाटेला आम्ही गेलोच नसतो. ल्युपसच्या रुग्णाला अंधार लागत नाही. तिला प्रकाशाच्या एका विशिष्ट पट्ट्यापासून संरक्षण लागतं, आणि तो पट्टा डोळ्याला दिसत नाही.

सूर्यप्रकाशातले अतिनील किरण साधारणपणे दोन प्रकारांनी आपल्यापर्यंत पोचतात. यूव्हीबी त्वचा भाजतात. ते काचेत बरेचसे अडतात, म्हणून बंद गाडीत कुणाची कातडी भाजून निघत नाही आणि आपल्याला सुरक्षित वाटतं. यूव्हीए त्यांच्यापेक्षा लांब लहरींचे, ३२० ते ४०० नॅनोमीटरचे. ते ढगातून येतात, काचेतूनही येतात आणि त्वचेत खोल जातात. गाडीची पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर घालून केलेली असते, म्हणून तिच्यात यूव्हीए जवळपास सगळे अडतात. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत साध्या टफन्ड, म्हणजे मधे तसा थर नसलेल्या असतात. त्यांचं काही सांगता येत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत १५ कंपन्यांच्या २९ गाड्यांच्या काचा मोजल्या गेल्या. पुढच्या काचेनं सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवले. बाजूच्या काचांची सरासरी ७१ होती, पण कुठल्या गाडीत ४४ टक्के तर कुठल्या गाडीत ९६. गाडी किती महाग यावरून हे ओळखता येत नव्हतं. डोळ्यांनी तर कुणालाच ओळखता येणार नाही.

आणि जवळजवळ पाण्यासारखी पारदर्शक दिसणारी, पण ९९ टक्क्यांच्या आसपास अतिनील किरण अडवणारी फिल्म बाजारात मिळते. ती लावलेल्या गाडीत बाहेरून सगळं दिसतं. चालकाचा चेहरा दिसतो, मागचं मूल दिसतं, सीटवरची पिशवी दिसते. २०१२ च्या निकालामागची एकही चिंता या फिल्मला लागू होत नाही. तरी फिल्म ती फिल्मच, म्हणून तीही बंद.

इथं कायद्याचं माप आणि आजाराचं माप वेगळं पडतं. पोलिसांचं टिंट मीटर दृश्य प्रकाश मोजतं, कारण नियमाला दिसण्याशी कर्तव्य आहे. बहिणीच्या त्वचेला दिसण्याशी काही कर्तव्य नाही. एखादी काच गडद असून यूव्हीए आत सोडू शकते, आणि एखादी काच स्वच्छ असून ते पूर्ण अडवू शकते. ही साधी गोष्ट नियमात नाही, दुकानदाराच्या बोलण्यात नाही, आणि माझ्याही डोक्यात नव्हती.

प्रकाश मोजायचं आपल्या गावाला काही वावडं नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवात नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. किरण कितव्या मिनिटाला कुठल्या पायरीवर पोचला याच्या नोंदी ठेवल्या जातात, आणि मधे कुठल्या इमारतीचा कोपरा आडवा येतो यावर वर्षानुवर्षं चर्चा होते. ज्या गावात एका किरणाची वाट एवढ्या जिव्हाळ्यानं मोजली जाते, त्या गावात एका बाईच्या हातावर पडणारा किरण मोजायला उपकरण असावं, ही मागणी जास्तीची नाही.

२०१२ नंतर कायदा जागच्या जागी राहिला असंही नाही. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं नियम १०० मध्ये 'सेफ्टी ग्लास'च्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं, म्हणजे काचेबरोबर प्लॅस्टिकचा थरही नियमाच्या कक्षेत आला. या बदलाचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं, की पुढं-मागं ७० आणि बाजूला ५० टक्के प्रकाश जात असेल तर फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. निकाल चांगला आहे. पण तो केरळचा. महाराष्ट्रात तो दाखला म्हणून दाखवता येतो. चौकात उभ्या असलेल्या हवालदारांवर तो बंधनकारक नाही. एकाच केंद्रीय नियमाचा अर्थ कासारगोडला एक आणि कोल्हापुरात दुसरा, ही परिस्थिती निदान आजाराच्या बाबतीत तरी चालू देऊ नये. हा नियम केंद्राचा आहे, म्हणून स्पष्टीकरण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानंच द्यायला हवं. एका पानाचं परिपत्रक पुरेल.

फिल्मला मोकळीक मिळाली, तरी ती लावणाऱ्या प्रत्येकानं एक गणित लक्षात ठेवावं, कारण बरेच जण त्यात फसतात. "पन्नासची फिल्म चालते" असं दुकानात सर्रास सांगतात. चालत नाही. कंपनीची काच स्वतःच सगळा प्रकाश आत सोडत नाही. समजा तिच्यातून ७५ टक्के जातो. तिच्यावर ५० ची फिल्म लावली की ७५ चे निम्मे, म्हणजे साडेसदतीस टक्के उरतात, आणि नियम मोडतो. ७० ची लावली तर साडेबावन्न उरतात, जेमतेम बसतं. म्हणून आधी मूळ काच मोजायची, मग फिल्म निवडायची. मीटर नसलेल्या दुकानात फिल्म लावूच नये.

पारदर्शक फिल्मला मोकळीक मिळाली तर माझ्या अंदाजानं उन्हाचा त्रास असलेल्या बहुतेक रुग्णांचा प्रश्न कुठल्याही सवलतीशिवाय सुटेल. ल्युपसवाल्यांचा सुटेल. झिरोडर्मा पिगमेंटोसम झालेल्या मुलांचा सुटेल. त्यांच्या पेशींना अतिनील किरणांनी झालेली इजा दुरुस्त करता येत नाही, आणि लहानपणीच त्वचेचे कर्करोग होतात. कोडासाठी सोरालेन घेणाऱ्यांचा सुटेल. आपल्याकडची बावची म्हणजे याच सोरालेनचं झाड. ते औषध पोटात गेलं की त्वचा नेमकी यूव्हीएलाच हळवी होते, आणि म्हणून औषध घेतलेल्या दिवशी खिडकीजवळ बसतानाही जपावं लागतं. डॉक्सिसायक्लिनसारखं प्रतिजैविक किंवा रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी गोळी घेणाऱ्या काही जणांनाही उन्हाची अशीच बाधा होते.

पण सगळ्यांचा सुटणार नाही, आणि खरी सवलत हवी ती उरलेल्यांना. पोर्फिरिया या आजारगटातल्या काही प्रकारांत रक्तातलं लाल द्रव्य बनवण्याच्या साखळीतली एक कडी बिघडते आणि त्वचेत असं रसायन साठतं, की ते ४०० नॅनोमीटरच्या थोडं पुढच्या जांभळ्या, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशानंच चेतवलं जातं. अशा मुलाला उन्हात काही मिनिटांत हात जळल्यासारखे होतात. वरून फार काही दिसत नाही, म्हणून घरचे, शाळेतले त्याला नाटकी समजतात. साधं सनस्क्रीन त्याच्या कामाचं नाही, पारदर्शक फिल्मही नाही. काही जणांना दिसणाऱ्या प्रकाशानंच अंगावर गांधी उठतात. वर्णहीनता असलेल्यांच्या डोळ्यांत प्रकाश अडवायला पुरेसं रंगद्रव्यच नसतं. दुपारच्या रस्त्यावर त्यांना डोळे उघडणंच कठीण जातं. हे आजार दुर्मीळ आहेत. दुर्मीळ आहेत म्हणूनच सवलत दिली तर रस्त्यावर काळ्या काचांची गर्दी होणार नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत. ल्युपस त्यात नाही, पोर्फिरिया नाही. वर्णहीन व्यक्तीला अंधुक दृष्टीच्या वाटेनं आत यावं लागतं. पण त्या कायद्यातलं एक तत्त्व इथं मोलाचं आहे. दुसऱ्यावर अवाजवी भार न टाकता एखाद्याला इतरांसारखं जगता यावं म्हणून करून दिलेला आवश्यक बदल, म्हणजे वाजवी सोय, हा त्या व्यक्तीचा हक्क आहे, मेहरबानी नाही. ज्या संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या गेल्या, तिथल्या माणसाला हे तत्त्व नव्यानं शिकवावं लागू नये. सगळ्यांना एकच माप लावणं म्हणजे न्याय नव्हे, हे शाहू महाराजांच्या गावाला १२० वर्षांपूर्वीच कळलं होतं.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला, दाखले खोटे निघतील. निघतील, नक्की निघतील. दिव्यांगत्वाचे खोटे दाखले काढून नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं आपण वाचतोच. म्हणून साध्या चिठ्ठीवर सवलत देऊच नये, माझ्या बहिणीलाही देऊ नये. जिल्हा रुग्णालयाच्या मंडळापुढं त्वचारोगतज्ज्ञ किंवा नेत्रतज्ज्ञ तपासणी करील, आजाराचं नाव आणि कुठल्या काचेला किती टक्क्यांची फिल्म लागते हे लिहून देईल, आणि ते एकाच वाहनाच्या नोंदणीला जोडलं जाईल. वर्षाला किंवा दोन वर्षांनी नूतनीकरण. गाडी विकली की सवलत संपली, फिल्म काढल्याशिवाय हस्तांतर नाही. आज पोलिसांच्या हातातल्या ई-चलान यंत्रात गाडीचा नंबर टाकला की विमा, पीयूसी, सगळं दिसतं. त्यातच आणखी एक ओळ आली की हवालदारांना पत्र वाचत बसायला नको, आणि गुंडाला पत्राची झेरॉक्स दाखवून सुटता यायला नको. खोट्या दाखल्याला दंड आणि देणाऱ्या डॉक्टरवर कारवाई, हे ओघानं आलंच.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो रात्रीचा. ऊस तोडणी सुरू झाली की आपल्या जिल्ह्यातले रस्ते बदलतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. समोरून येणाऱ्याचे दिवे डोळ्यांवर, आणि बाजूनं एखादा तोडणी कामगार सायकलवरून निघालेला. अशा रात्री चालकाच्या बाजूची काच काळी असेल तर तो माणूस त्याला दिसणारच नाही. एका रुग्णाला उन्हापासून वाचवताना दुसऱ्याच्या घरातला माणूस रस्त्यावर गेला, असं होता कामा नये. यात मला तडजोड मान्य नाही. म्हणून चालकासमोरच्या काचेवर काहीही गडद नको, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या काचांवर फक्त पारदर्शक किंवा अगदी सौम्य फिल्म. गडद काच मागच्या आसनांपुरती. ज्या रुग्णाला त्याहून जास्त काळोख लागतो, त्यानं मागं बसावं आणि गाडी दुसऱ्यानं चालवावी. दिवसा काचेला लावायची आणि अंधार पडताच काढून ठेवायची जाळी हाही मार्ग आहे, पण आज तीसुद्धा लावावी की नाही याची स्पष्टता नाही.

बाहेर हे कसं करतात? अमेरिकेत काचांचे नियम राज्याराज्यांनी वेगळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये बाजूच्या काचांतूनही ७० टक्के प्रकाश जायला हवा, म्हणजे आपल्याहून कडक. तिथं वैद्यकीय सवलत आहे, आणि ल्युपस, पोर्फिरिया, वर्णहीनता, झिरोडर्मा पिगमेंटोसम, काही औषधांमुळं येणारी तीव्र प्रकाशसंवेदनशीलता अशी आजारांची यादी ठरलेली आहे. डॉक्टर नमुन्यावर प्रमाणित करतात, परिवहन खातं मंजुरी देतं. कॅलिफोर्नियात डॉक्टरांच्या पत्रावर बाजूच्या काचांना उन्हाचा पडदा लावता येतो, पण अंधारात तो वापरता येत नाही. कडक नियम आणि रुग्णाची सोय ही दोन्ही एकाच कायद्यात नांदू शकतात, एवढंच मला त्यातून घ्यायचं आहे. त्यांची टक्केवारी, त्यांच्या सवयी आपल्यावर लादायचं कारण नाही. तिथं ऊसाच्या ट्रॉल्या नाहीत, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरदुपारी सावली पायाखाली जावी असं कोल्हापूरचं ऊनही नाही.

"सनकोट घाला की, त्यात काय?" असं मला अनेकांनी सुचवलं आहे. घालतेच ती. पण एप्रिलच्या उकाड्यात, बंद गाडीतही हातमोजे, स्कार्फ आणि जाड बाह्या घालून पंचवीस किलोमीटर चालवायचं, मग शाळेत उतरून सहा तास शिकवायचं, आणि पुन्हा तेच. सांधे सुजलेल्या दिवशी हातमोजा चढवताना तिला किती वेळ लागतो हे मी पाहिलं आहे. आणि जे काम एक पारदर्शक पापुद्रा काचेवर बसून करू शकतो, ते रोज तिच्या अंगावर का लादायचं?

गाडी कंपन्यांकडूनही एक मागणी आहे. काही गाड्यांच्या जाहिरातीत 'यूव्ही कट' काचेचा उल्लेख असतो. पण किती यूव्हीए अडतात, चारही दारांच्या काचांत का फक्त पुढच्या, हे कुठंच छापलेलं नसतं. काचेच्या कोपऱ्यात आयएस २५५३ या भारतीय मानकाचा शिक्का असतो. त्याच्याशेजारी यूव्हीएचा आकडा छापायला फार मोठा खर्च येणार नाही. रुग्णाला निदान गाडी घेतानाच निवड करता येईल.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला टोचते. मी हे सगळं गाडी असलेल्यांसाठी लिहितो आहे. ल्युपस गाडी पाहून येत नाही. गेल्या हिवाळ्यात बहिणीबरोबर दवाखान्यात बसलो होतो, तेव्हा शेजारी गडहिंग्लजकडची एक बाई होती. तिच्याही गालांवर तोच चट्टा, तिलाही तीच गोळी. ती पहाटे एसटीनं निघाली होती आणि खिडकीला तोंड लपवत, पदर ओढून आली होती. तिला कुणी काचेबद्दल सांगितलं नव्हतं. एसटीच्या खिडकीला पडदा नाही, असला तर फाटका, आणि जागा मिळेल तिथं बसायचं. खरं तर नवीन गाड्या घेताना एसटीनं काचेच्या अटींत यूव्हीएचं प्रमाण घातलं, तर एका निर्णयात जेवढ्या रुग्णांना सावली मिळेल तेवढी माझ्या मागणीतल्या सगळ्या परवान्यांनी मिळणार नाही. ही मागणी आधी करायला हवी होती. आता करतो आहे.

बहिणीनं तिला रस्त्याचा तो हिशेब समजावून सांगितला. सकाळी कोल्हापूरला येताना डावीकडची खिडकी धरायची. "आणि दुपारनं घरला जाताना?" तिनं विचारलं. तेव्हाही डावीकडंच, बहीण म्हणाली. त्या बाईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, डावा कुठला ते पाहून घेतलं, आणि एसटी कुठल्या फलाटावर लागते ते आठवत बसली.